परत येणारी माणसं

"यातला माणूस परत येतो ना, भाऊ?" शेवंतीवहिनींनी नेहमीसारखं विचारलं.

वाचनालयाच्या टेबलाशी बसून मी आधी शेवटचं पान वाचलं आणि मान डोलावली. त्यांच्या नवऱ्याची होडी वादळात गेल्यापासून मी त्यांना अशीच पुस्तकं शोधून देत आलो होतो. समुद्रात हरवलेली, तराफ्यावर तगलेली, पावसाचं पाणी ओंजळीत धरून जगलेली माणसं. शेवटी सगळे घरी पोचायचे.

खिडकीतून खारा वारा आला आणि पानं आपोआप उलटू लागली. लाटांकडे पाहावं तशा वहिनी त्या पानांकडे पाहत राहिल्या.

मग त्यांनी अलगद पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं.

"हे राहू दे. किनाऱ्यावर थांबलेली बाई पुढे जगते, असं एखादं आहे का?"