दोन प्रश्न

भंडारदऱ्याला पर्यटकांना तंबू भाड्याने देणाऱ्या अंगदने ई-मेलना उत्तरे देण्याचे काम एआय सहायकाकडे सोपवले होते. त्या सहायकासाठी लेखी सूचना तयार करण्याचे काम त्याने तंत्रनिकेतनातील आपल्या निवृत्त शिक्षकांना, थॉमस सरांना दिले. वर्गातल्या सवयीने सर प्रत्येक नियम मोठ्याने म्हणत आणि मगच टाइप करीत. त्यांच्या पत्नी हन्नाबाई शेजारी मेथी निवडत होत्या.

“नियम चौथा. पत्रात दोन प्रश्न असल्यास दोन्हींची उत्तरे द्यावीत. एकाचेच उत्तर देऊन पत्र मिटवू नये.”

“नशीबवान आहेत बाई!” हन्नाबाई म्हणाल्या.

“यंत्राचा कसला हेवा करतेस?”

“यंत्राचा नाही हो. त्या तंबूतल्या पाहुण्यांचा. त्यांना दोन्ही उत्तरं मिळणार. मी सकाळी तुम्हाला दोन प्रश्न विचारले होते.”

सरांनी आठवून पाहिले. “चहा घेणार का, असं विचारलंस. मी हो म्हणालो.”

“आणि गुरुवारी माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला येणार का, हेही विचारलं होतं. तुमचं ‘हो’ ऐकून मी हरखले. मग बघते तर तुम्ही पेपरातून डोकं न काढता कपासाठी हात पुढे केलेला.”

“अगं, येतो ना मी!”

“राहू द्या. मी शेजारच्या प्रार्थनालाही हेच दोन्ही प्रश्न विचारले. ती म्हणाली, चहा नको काकू, पण गुरुवारी नक्की येते.”

“मी असताना ती कशाला?” सरांचा आवाज चढला.

“तिनं उत्तर दिलं म्हणून.”