पाण्याची काठी

अंगोलाच्या डोंगरांतून येणारं पाणी यंदा ओकावांगोच्या पाणथळ खोऱ्यात पोचलंच नव्हतं. मोलेफीच्या बेटावर तंबूंत राहायला येणारे पाहुणे होडीऐवजी जीपने येत आणि विचारत, "बेट कुठंय?"

"तुम्ही त्यावरच उभे आहात," मोलेफीचा मुलगा ओतेंग म्हणे. पाहुणे आत गेले की बापाकडे वळे. "बाबा, आता गुंडाळा हे तंबू. हत्ती काय, कोरड्यातूनही येतील. पाहुणे नाही यायचे. पाणी चढलं नाही, तर मी खाणीत कामाला जातो."

"आधी काठी तर बघ. मग जा कुठं जायचं ते."

बेटाच्या कडेला उथळ पाणी उरलं होतं, त्यात खुणा केलेली काठी रोवलेली होती. पाणी वरच्या खुणेकडे सरकलं, की पूर येतोय असं समजायचं. ओतेंग उठायच्या आत मोलेफी पाण्यात उतरे, बुडाशी धरून काठी चिखलात आणखी खोल दाबी. मग ओतेंग काठी बघे, पाणी वर सरकल्यासारखं दिसे आणि तो जाणं पुढे ढकली.

एका सकाळी मोलेफी तापाने फणफणला. त्याला उठवेना. आज पोराला खरं पाणी दिसणार आणि तो जाणार, या धास्तीने तो नुसता पडून राहिला.

ओतेंग आत आला. "पडून राहा, बाबा. काठी बघून आलो मी. पाणी कालच्यापेक्षा वर आहे."



त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने माखले होते.