केस बघणारी आत्या

दगडाआत्यानं काचेचा ग्लास भरून पाणी मागितलं, तशी बजाबाई पोह्यांची ताटली घेऊन दारातच थांबली.

मुलगी बघायला आलेली माणसं प्यायला पाणी मागतात. ही बाई केस बुडवायला मागत होती.

दगडाआत्या म्हणजे मुलाची, पृथ्वीराजची आत्या. तिचं लग्न झालं नव्हतं. भावाच्या घरी राहून तिनं त्याची पोरं वाढवली आणि आता त्याच पोरांसाठी मुली बघत हिंडत होती. रंग कसाही असू दे, शिक्षण कमी असू दे, केस मात्र मी बघणार, असं तिचं असायचं. स्वतःचं जमलं नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरी सोलून काढते, असं तिच्या माघारी बोललं जायचं. इथं मुलीच्या गावी, कुंभारीपर्यंत, ते बोलणं पोचलं होतं. पण स्थळ चांगलं होतं. मुलगा शहरात सात रस्त्याला एका ऑफिसात कामाला होता, निर्व्यसनी होता आणि त्याला मुलगी फोटोवरून पसंत होती.

बजाबाईची मुलगी अंकिता खुर्चीत मान खाली घालून बसली होती. तिला टायफॉइड होऊन गेला होता. ताप उतरला आणि मागून केस गेले. मुठीमुठीनं गेले. पुन्हा आले ते विरळ, डोकं दिसेल असे. आधीच्या एका स्थळानं तिला समोर बघितलं, चहा घेतला आणि पुढं फोनच उचलला नाही. त्यानंतर बजाबाईनं बाजारातून गंगावन आणलं. खऱ्या केसांचं. सकाळी तिनं ते अंकिताच्या मानेवरच्या केसांत गुंफलं, काळ्या दोऱ्यानं गाठ मारली आणि वरून तेल चोपडलं. वेणी कमरेखाली आली. अंकिता म्हणत होती, आई, खरं ते सांगून टाकू. बजाबाईला आता सांगायचा कंटाळा आला होता. सगळ्याचाच आला होता. पोहे करायचा, शेजारच्या खुर्च्या मागून आणायचा, माणसं गेल्यावर फोनकडं बघत बसायचा.

ग्लास आला. पृथ्वीराजच्या वहिनीनं मोबाइल काढला. असल्या घरच्या घरी करायच्या परीक्षा तिनं फोनवर बघितल्या होत्या आणि तिला ते सगळ्यांना सांगायचं होतं. केस पाण्यावर तरंगला तर चांगला, तळाला गेला तर खराब. दगडाआत्यानं वेणीच्या अगदी टोकाचा एक केस उपटला आणि पाण्यावर सोडला. तो तरंगला. वहिनी म्हणाली, केस धुतलेला पाहिजे, तेलाचा केस तरंगणारच की. आणि घ्यायचा तर मुळापासचा घ्यावा. दगडाआत्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. दुसरा केस दोन्ही चिमटीत धरून ताणला. तो तुटला नाही.

मग वहिनी तिसरी परीक्षा सांगू लागली. बट मुळापाशी धरायची आणि हळूहळू ओढत टोकापर्यंत आणायची. हातात किती केस येतात ते बघायचं. सांगता सांगता ती उठली, मीच दाखवते म्हणाली, आणि हसत अंकिताच्या मागं गेली.

“बस खाली,” दगडाआत्या म्हणाली. “केस बघायचं काम माझं हाय.”

वहिनीचं तोंड उतरलं. अंकिताचे वडील, रावजी, पंख्याकडं बघत राहिले. पृथ्वीराजनं चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

दगडाआत्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. तिचा हात अंकिताच्या टाळूवरून निघाला, कानामागून खाली आला आणि मानेवर थांबला. बरोबर गाठीवर. बजाबाईला दारातून दिसत होतं, दोरा सैल पडला होता. अंकितानं डोळे मिटले. आता ती ओढणार, आणि वेणी तिच्या हातात येणार. मग हे स्थळ तर जाईलच, पुढची स्थळंही येणार नाहीत, कारण ही गोष्ट गावोगाव होईल. बजाबाईला भीतीही धड वाटेना. होऊन जाऊ दे एकदाचं, असं वाटलं.

हात बराच वेळ तिथंच होता. बोटं पदराआड जराशी हलली. मग दगडाआत्यानं वेणीवर एक थाप मारली आणि जागेवर जाऊन बसली.

“केस चांगले हायत,” तिनं सांगितलं आणि चहा मागितला.

निघताना बाकीची माणसं बाहेर चपला घालत होती. दगडाआत्या कुंकू लावून घ्यायला आत आली. बजाबाईनं करंडा उघडला, पण तिचं बोट कुंकवात जाईना. तिनं खाली बघत सगळं सांगून टाकलं. टायफॉइड, गंगावन, सगळं. सांगून झाल्यावर तिला नुसतं बसावंसं वाटलं.

“गाठ जरा वर बांधत जा, बाई,” दगडाआत्या हळूच म्हणाली. “मानेवर बांधली की मान खाली घातल्यावर सुटती. आता घट्ट केलीया मी. मला बघायला आल्ते तवा माझी तितंच सुटली हुती. भरल्या बैठकीत.”

बजाबाईनं करंडा खाली ठेवला. मग पोराचं काय, असं तिनं चाचरत विचारलं. त्याला मी समजावून सांगीन, दगडाआत्या म्हणाली, माझ्या हाताखाली वाढलाय तो.

तरी बजाबाईला राहवेना. एवढं सोसलेल्या बाईनं घरोघर जाऊन पोरींचे केस का बघावेत?

दगडाआत्यानं स्वतःच करंड्यात बोट बुडवून कपाळाला टेकवलं आणि पदर सारखा केला.

“मी न्हाय बघितलं, तर दुसरं कुणीतरी बघतंय की.”