पुढची खुर्ची

“तू कशाला आलीस गं एवढ्या लांब?” जिवाजीने आयशीला शाळेच्या दारातच अडवलं. आवाज अगदी खाली, आणि नजर आजूबाजूला. कुणी बघत तर नाही ना!

फागी पोशेऱ्याहून चालत आली होती. काल निघालेली, वाटेत एका पाड्यावर रात्र काढून, शेजारच्या बुधाचा हात धरून. लुगडं गुडघ्याशी, पाय धुळीने पांढरे, कमरेला भाकरीचं फडकं. आणि लेक? कोट, टोपी, मामलेदार कचेरीत कारकून! पाड्यावरचा जिव्या इथे जव्हारात जिवाजीराव झाला होता. आपण कुठल्या झोपडीतून आलो, हे त्याने कचेरीत कुणाला कळू दिलं नव्हतं.

“शिनेमा बघाय आली,” फागी म्हणाली. “बुधानं सांगला ना तुला?”

बुधा चार दिवसांपूर्वी कचेरीत आला होता खरा. दारात उभा राहून काहीबाही सांगत होता. जिवाजीने कागदातून मान वर न काढता ‘बरं बरं’ म्हणून त्याला वाटेला लावलं होतं.

“सांगितलं, सांगितलं. जा, मागं बायकांत बस. आणि मला हाका मारू नकोस.”

“नाय मारत,” फागी म्हणाली. वाईट वाटून घेणं तिच्या गावीच नव्हतं. बुधा तिला हात धरून मागे घेऊन गेला.

खिडक्यांना घोंगड्या लावून शाळेत भरदुपारी अंधार केला होता. गावोगाव खेळ दाखवत फिरणाऱ्या एका पेटीवाल्याने जुना मूकपट आणला होता. संस्थान होतं तेव्हा मुंबईची एक कंपनी या रानात येऊन तो काढून गेली होती. आता संस्थान जाऊन सात वर्षं झाली, बोलपट येऊन तर कितीतरी. तरी आपलं रान पडद्यावर दिसणार म्हणून सारा गाव लोटला होता. पुढे अंमलदारांच्या खुर्च्या, मागे जमिनीवर बाकीचे. रावसाहेबांच्या, म्हणजे खुद्द मामलेदारांच्या, शेजारची खुर्ची जिवाजीला मिळाली होती. त्याला कायम करायची शिफारस त्याच आठवड्यात व्हायची होती, तेव्हा त्या खुर्चीचं मोल काय सांगावं!

आता कचेरीचा एक कायदा असतो, तो कुठल्या पुस्तकात नसतो. साहेब हसले की हसायचं, साहेब थांबले की थांबायचं. थोरला कारकून नव्याला हे पहिल्याच दिवशी शिकवतो. जिवाजी ते चांगलं शिकला होता. बाहेर विजेचं इंजिन धडधडू लागलं, पडदा उजळला, आणि सगळी शाळा पडद्याकडे बघू लागली. हा पठ्ठ्या मात्र रावसाहेबांच्या तोंडाकडे बघत बसला.

राजपुत्र घोड्यावरून आला. रावसाहेबांनी मान डोलावली, जिवाजीने डोलावली. राजकन्या रडली. रावसाहेबांनी उसासा टाकला, जिवाजीनेही टाकला. मग घोड्याला बिचकून कुणी लंगोटीवाला पळत सुटला आणि ओढ्यात धपकन आपटला. रावसाहेब असे हसले, असे हसले की खुर्ची करकरली.

“काय ध्यान आहे हो!” ते डोळे पुसत म्हणाले.

“अगदी रानटी, रावसाहेब! नुसतं माकड!” जिवाजी पोट धरून हसला. तेवढ्याने भागेना, म्हणून उठून ओरडला, “ओ पेटीवाले! तेवढं परत लावा! रावसाहेबांना बघायचंय!”

पेटीवाल्याने रीळ मागे घेतलं. लंगोटीवाला पुन्हा ओढ्यात पडला. चिखलातून तोंड वर काढून तो थेट लोकांकडे बघत राहिला, आणि शाळा पुन्हा हसली. मागे बायकांत कुणी म्हातारी टाळ्या पिटत होती. त्या टाळ्या कुणाच्या, हे जिवाजीने ओळखलं. त्याचे कान तापले, पण त्याने वळून पाहिलं नाही. रावसाहेब अजून हसत होते ना.

खेळ संपला. रावसाहेब त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. पेटीवाल्याची मोटार नाशिकच्या रस्त्याला लागली. माणसं पांगली, कुणी ओळखीचं उरलं नाही, तेव्हा कुठे जिवाजी आंब्याखाली बसलेल्या आयशीकडे गेला. तिचं तोंड हसून हसून फुललं होतं.

“बरा केलास रं पोरा. मला भेव होता, बापसाला बघून तू रडशील. तू हसलास. परत लावाय सांगलास. केवढी माया!”

जिवाजीने बुधाकडे पाहिलं. बुधाने मान खाली घातली होती; कचेरीच्या दारात तो हेच सांगत होता. बापूस? मंगळू? जिवाजी पोटात असतानाच तो तापाने गेला होता. ना कुठे फोटो, ना कसली खूण. लहानपणी त्याने अख्ख्या पाड्याला विचारून भंडावलं होतं, माझा बाप दिसायचा कसा? आणि आज... लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फागीने हात पुढे करून त्याचं तोंड चाचपलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं. कधी पडलं, देव जाणे. तो दीड वर्षात घरी गेला नव्हता.

“मला काय दिसला नाय रं. नुसता उजेड. वढ्यात पडलेला, तोच सांगायचा; लोका हसली तवा समजला, आला तो. पंचवीस वरसा झाली, मला त्याचा तोंडच आठवत नाय. बुधाला इचारला, तर म्हणतो, तुझा पोर सांगंल.” तिने त्याचे दोन्ही हात धरले. “तू पुढं खुर्चीवर होतास, दोनदा बघलास. सांग ना, कसा दिसत होता?”