डिकीचं माप

आईची चाकांची खुर्ची डिकीत मावलीच पाहिजे, यावर दोन्ही भावांचं एकमत होतं. बाकी सगळ्यावर भांडण. थोरला म्हणे, "जुनं मॉडेल सेकंडहँड घेऊ. तेव्हाचा पत्रा बघ, कसा ठणठणीत!" धाकटा म्हणे, "पत्रा काय चाटायचाय? नव्यात सहा एअरबॅगा आहेत."

मग काय, दर रविवारी सकाळी आईला दगदग नको म्हणून पलंगावर उशीला टेकवून बसवायचं आणि खुर्ची घेऊन सहकुटुंब निघायचं. शोरूम झाल्या, जुन्या गाड्यांचे डीलर झाले. जुन्या मॉडेलात खुर्ची आडवी जायची, पण डिकी लागायची नाही. मधल्यात चाकं काढावी लागायची. आज मात्र अगदी नव्या मॉडेलात खुर्ची अशी अलगद बसली, की धाकट्या सूनबाईंनी डिकीसकट सेल्फी काढला.

गाडी बुक करून सगळे संध्याकाळी घरी आले. थोरला पलंगाच्या कडेला बसून गहिवरून म्हणाला, "आई, आता तुझं काही अडणार नाही. सांग, सगळ्यात आधी कुठे जायचं?"


"बाथरूमला," आई म्हणाली. "सकाळपासून खुर्चीची वाट बघतेय."