टायरची चप्पल

दादारावच्या बायकोचा हत्तीपाय चिघळला, तेव्हा रामाकोन्यात मलमपट्टीचं केंद्र मंजूर झालं होतं. सरपंचानं पंचायतीची खोली नाकारली. “सडके पाय आमच्या दारात नको,” म्हणाला. पट्टीसाठी दूरच्या सौसरच्या दवाखान्यात पायी खेटे घालता-घालता बायको मेली. दादारावनं स्वतःची ओसरी केंद्राला दिली. सरपंचाला साखरेचा आजार होता; आज ना उद्या त्याचाही पाय चिघळणार होता. दादाराव वाट पाहत राहिला. बाजाराच्या दिवशी तळपायाची जखम घेऊन सरपंच त्याच ओसरीसमोर बैलगाडीतून उतरला. केंद्राच्या नर्सबाईंनी जखम धुऊन जाड पट्टी बांधली. पाय जोड्यात जाईना. दादारावनं खुंटीवरून बायकोची रुंद चप्पल काढली, मोच्यानं टायरची बनवलेली. “हे घाला, सरपंचजी.” “मेलेल्या बाईची घालू? माही गाडी बोलाव.” “वापस पाठवली मी. माही बायको बी पायीच जाये.” शेवटी सरपंच तीच चप्पल घालून पाय फरफटत निघाला. अख्खा बाजार ती चप्पल ओळखत होता. दादाराव ओरडला, “पुढच्या पट्टीले बी हेच घालून या!”