कानांनी पकडलेलं पाखरू

ढाबळीच्या चौकटीवर रातिबचं कपाळ तिसऱ्यांदा आपटलं, तेव्हा इहसान जिन्यातूनच ओरडली, "फुटलं का एकदाचं?"

"चौकट फुटली. डोकं शाबूत आहे."

"शाबूत असतं तर हे धंदे केले असतेस?" ती वर आली आणि त्याचं कपाळ चोळू लागली, जरा जोरातच. "अरे माणसा, डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलंस ना? उजेड परत यायचा नाही."

"डोळ्यांचं म्हणाला. कबुतरांचं काही म्हणाला नाही."

इम्बाबा वस्तीतल्या त्या गल्लीत कबुतरं उडवणं म्हणजे लढाई. आपला थवा दुसऱ्याच्या थव्यात घुसवायचा, त्याचं एखादं पाखरू भुलवायचं, आपल्या गच्चीवर उतरवायचं. पकडलं ते आपलं. परत मागायला कोणी येत नाही, आलाच तर लाज त्याची. रातिब आणि समोरच्या गच्चीवरचा मारूफ बावीस वर्षं एकमेकांची पाखरं पळवत आले होते. आता चार महिने झाले, मारूफची शीळ ऐकू आली नव्हती. एकट्यानं ती लढाई होत नाही.

मुलांनी सौदा ठरवून टाकला होता. शुक्रवारी बाजारवाला पिंजरे घेऊन येणार आणि सगळा थवा नेणार. म्हाताऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. डोळे गेले की माणूस घरातलं सामान होतो. इथून उचला, तिथं ठेवा, कुणाच्या पायात येणार नाही असं बघा. वर गोड आवाजात सांगायचं, आता आराम करा. आराम! रोज साठ पाखरं आभाळात चढवणाऱ्या माणसाला खोलीत निजवायचं आणि त्याला माया म्हणायचं.

म्हणून रातिब दुपारच्या नमाजानंतर गच्चीवर चढे आणि दिवस कलताना होणाऱ्या असरच्या अजानपर्यंत झगडे. एक परकं पाखरू नजरेशिवाय, स्वतःच्या हातानं पकडायचं. तेवढं जमलं तर बाजारवाल्याला परत पाठवायला तोंड राहणार होतं.

"निदान जिन्यावर तरी," इहसान रोज म्हणे.

"जिन्यावर तर नाहीच."

पहिल्या आठवड्यात त्यानं पाण्याचं भांडं उलथवलं, मक्याचे दाणे स्वतःच्या चपलांना खाऊ घातले. फडकं हलवलं तर शेजारच्या गच्चीवर आपला थवा उडवणारा ज़ैनहुम ठसका लागेपर्यंत हसला. "उस्ता रातिब! थवा तुझ्या पाठीमागं आहे! कुणाला बोलावतोयस, रेल्वेच्या इंजिनला?"

"तुझ्या बापाला!"

"सोड रे बाबा. हा आंधळ्याचा खेळ नाही."

त्या वाक्याचा रातिबला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी तो अजान झाल्यावरही उतरला नाही.

हळूहळू कान उघडले. थवा वळला की आवाज आधी पातळ होतो, मग एकदम जाड. नर उडताना पंखांच्या टाळ्या वाजवतो. दाण्यांचा डबा खडखडवला की घरची पाखरं सरळ ढाबळीवर कोसळतात. परकं शेवटी उतरतं, आणि उतरलं तरी पत्र्यावर पाय बदलत राहतं, पाहुण्यांच्या घरी लहान मूल उभं राहतं तसं. हे सगळं बावीस वर्षं त्याच्या डोक्यावर वाजत होतं. ऐकायची गरजच पडली नव्हती.

बुधवारी त्यानं झडप घातली, पाखरू धरलं आणि गर्जना केली. इहसान जवळ आली. "पायात चामड्याचं कडं आहे," ती हळूच म्हणाली. "आपलंच आहे."

ज़ैनहुम लोळून हसत असावा. रातिब ढाबळीला टेकून बसला. "उद्याचा एकच दिवस," तो म्हणाला. इहसाननं डब्यात दाणे भरून ठेवले.

गुरुवारी वारा होता. आवाज फाटत होते. रातिबनं थवा चढवला, ज़ैनहुमच्या थव्यात घुसवला, मान खाली घालून ऐकत राहिला. मग डबा वाजवला. पाखरं कोसळली. एक, पाच, वीस, मोजता येईनात. सगळं निवलं. आणि मग एकटेच पंख, घाबरे, दोनदा फिरून आलेले. पत्र्यावर नखं. टक. टक टक.

या वेळी त्यानं झडप घातली नाही. दाणे सोडत, गुडघ्यांवर, पत्र्यापर्यंत गेला. हात वर गेला आणि मिटला.

बोटं पायाकडे सरकली. चामडं नाही. तांब्याची तार.

"माझी केशरी!" शेजारच्या गच्चीवरून किंकाळी आली. मग ज़ैनहुम, वेगळ्याच आवाजात: "उस्ता... कसं केलंस रे?"

इहसाननं जीभ हलवत आनंदाच्या आरोळीचा असा झगारीत घातला की खालची गल्ली वर बघायला लागली.

रातिब जिना उतरला, भिंतीला हात लावून. गल्ली एकतीस पावलं. लोक हसले, हसू देत. इहसान मागून येत होती, हात न लावता. समोरचे दोन मजले चढून त्यानं दार ढकललं.

"मारूफ, आहेस का?"

"जाणार कुठं?"

"ज़ैनहुमची केशरी आणलीय. नुसत्या कानांनी पकडली."

"खोटं."

"बायको उभी आहे, विचार."

"खरं आहे, मारूफभाई," इहसान म्हणाली. "महिनाभर माझं डोकं खाल्लंय यानं."

खाट करकरली. मारूफचा श्वास जवळ आला. "उद्या बाजारवाला येतोय."

"जिन्यावरून ढकलून देऊ त्याला."

"डोळ्यांशिवाय थवा कोण सांभाळणार?"

"धर," रातिब म्हणाला आणि पाखरू पुढं केलं. "शिकवतो. पण तुझं पाखरू माझ्या गच्चीवर उतरलं तर परत देणार नाही."

त्यानं डोक्यामागची गाठ सोडली. इहसानची दुहेरी गुंडाळलेली काळी ओढणी डोळ्यांवरून गळ्यात आली, उजेड सुईसारखा टोचला. मग त्याला दिसलं, मारूफचे पांढुरके डोळे त्याच्या खांद्यापलीकडे, कोणीच नव्हतं तिथं बघत होते, आणि बोटं पाखराच्या पायातली तार शोधत होती.